कुणाच्या दारात न थांबणारी जीप

त्या काळात लखनौमध्ये जीप कोणाकडे असते हे सगळ्यांना पाठ होतं. पोलिसांकडे, ठेकेदारांकडे, निवडणुकीला उभं राहणाऱ्यांकडे, आणि गावाकडच्या बड्या जमीनदारांकडे. त्यामुळे सरकारी खात्यातला एक मराठी इंजिनियर आणि शाळेत गणित शिकवणारी त्याची बायको निशातगंजच्या भाड्याच्या घरासमोर जीपचा सांगाडा आणून ठेवतात, म्हणजे या दोघांचं डोकं फिरलंय, यावर गल्लीचं एकमत झालं. समोरच्या बाई गॅलरीतून विचारायच्या, "भाभीजी, चुनाव लड़ रही हैं क्या?" मी म्हणायचे, "हाँ, आपके खिलाफ."

डोकं फिरलं होतं हे मात्र खरं. माझं जरा जास्तच.

त्याचं कारण सांगते. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि आमची मुलगी तिसरीत होती. दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही तिघं बसने कुमाऊंच्या डोंगरात फिरायला गेलो. बस वाटेत बंद पडली, आणि आम्ही पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं, थंडी मी म्हणत होती. गावात उतरायला एकच धर्मशाळा. व्यवस्थापकाने कंदील वर करून नाव विचारलं. यांनी सांगितलं. आमच्या नागपूरकडे आडनाव पुरतं. चहा येईपर्यंत समोरच्याने आपली कुंडली मांडलेली असते. पण उत्तरेत मराठी आडनावावरून कुणाला काही कळत नाही, म्हणून ते सरळ विचारतात. त्यानेही विचारलं, "आप लोग कौन हुए?"

आम्ही बौद्ध. माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा हे कॉलेजात होते. लखनौमध्ये कोणी विचारलं की हे "बौद्ध" असंच सांगायचे. त्यावर ठरलेला पुढचा प्रश्न यायचा, "अच्छा, पहले क्या थे?" तोही आम्हाला सवयीचा झाला होता. मी मुलीला शालीत गुंडाळून यांच्या मागे उभी होते आणि आता तोच प्रश्न येणार म्हणून दात आवळून वाट बघत होते. तेवढ्यात हे म्हणाले, "ब्राह्मण हैं जी, महाराष्ट्र के."

खोली उघडली. रजया आल्या. पोरीसाठी गरम दूध आलं. मी यांच्याकडे पाठ करून पोरीला दूध पाजलं.

सकाळी अष्टमी होती. तिकडे त्या दिवशी कुमारिकांना घरी बोलावून, पाय धुऊन जेवू घालतात. व्यवस्थापकाच्या बायकोला लांबच्या मुलखातली ब्राह्मणाची पोर आयतीच सापडली होती. मी केस विंचरत होते तोवर ती मुलीला खाली घेऊन गेलीसुद्धा. मी धावत उतरले तर माझी मुलगी ओळीत पाटावर बसलेली, डोक्यावर लाल चुनरी, आणि ती बाई पितळी परातीत तिचे पाय धूत होती. मग पुरी, चणे, हलवा. मग बाईने आपलं कपाळ तिच्या पावलांना टेकवलं. पोर खुशीत होती. मी तिथे तोंड उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर तिला पाटावरून ओढून उठवलं असतं, आणि मग मी काय केलं असतं ते मलाच माहीत नाही.

परतीच्या बसमध्ये मुलगी मला म्हणाली, "मम्मी, हम लोग हमेशा यही बोला करें ना? कितने अच्छे से रखते हैं."

घरी पोचल्यावर कडाक्याचं भांडण झालं.

"तुम्ही काहून तसं बोलले?"

"एवढ्या थंडीत पोट्टीला घेऊन कुठे गेलो असतो? तू सांग ना."

"रस्त्यावर बसलो असतो."

"बोलणं सोपं आहे."

सोपं नव्हतं, आणि यांचं अगदीच चुकलं असंही मला म्हणता येत नव्हतं. म्हणून तर राग शमेना. मी एवढंच म्हटलं, "यापुढे मी कुणाच्या दारात उभी राहणार नाही. आपलं छप्पर असलं तर येईन, नाहीतर तुम्ही जा फिरायला."

"छप्पर काय डोक्यावर घेऊन फिरायचं?"

"हो," मी म्हटलं.

मला त्या धर्मशाळेवाल्याची भीती नव्हती. त्याच्यासारखे पुष्कळ पाहिले होते. भीती पोरीची वाटायला लागली. चैत्रात तिच्या वर्गातल्या मैत्रिणीच्या आईने तिला त्याच पूजेला बोलावलं. शाळेत तिने आपण कोण म्हणून सांगितलं होतं ते मला तेव्हा कळलं. मी तिला जाऊ दिलं नाही. ती रडली, का म्हणून विचारलं, आणि मी तिला बसवून सगळं समजावून सांगितलं. तिने डोळे पुसत सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तो मत बताओ ना." खोटं इतक्या सहज तिच्या जिभेवर बसलं होतं. हे असंच मोठं होणार का, या विचाराने मी कितीतरी दिवस धड जेवले नाही.

छावणीत अधूनमधून लष्कराच्या मोडीत काढलेल्या सामानाचा लिलाव व्हायचा. यांच्या ऑफिसमधल्या कुणीतरी सांगितलं म्हणून हे गेले आणि महायुद्धाच्या काळातली एक जीप बोलीत जिंकून आले. जिंकून म्हणजे काय, दुसरा कोणी बोली लावायला तयार नव्हता. चासी धड होती, गिअरबॉक्स धड होता, चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा दांडा जागेवर होता. इंजिन जाम, टायर फाटके, हूड नाहीच. एका ट्रकच्या मागे दोरखंडाने बांधून ती आमच्या दारात आली तेव्हा घरमालकाने विचारलं, "ये कबाड़ कब उठेगा?" हे म्हणाले, "चलकर जाएगा."

पुढचे कितीतरी रविवार आम्ही त्या जीपखाली घालवले. मी साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाने धरायचे, हे खालून हात बाहेर काढून "चौदा नंबर" म्हणायचे आणि मी द्यायचे. हळूहळू मला नंबर सांगावा लागेना. मग मी खाली आणि हे बाहेर, असंही व्हायला लागलं. इंजिनात रॉकेल ओतून ठेवलं, रोज थोडं थोडं हँडल मारून बघितलं, आणि एके दिवशी पिस्टन सुटले तेव्हा मी ओरडले म्हणून समोरच्या बाई गॅलरीत आल्या. यांनी स्प्रिंगचे पाटे उतरवून साफ केले, दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला, त्यामुळे गाडी जरा उंच झाली. सायलेन्सरचा पाइप मागून वर नेला, म्हणजे ओढा ओलांडताना त्यात पाणी शिरू नये. हूड मी शिवलं. जाडजूड ताडपत्री माझ्या शिलाई मशीनवर चालेना, सुया मोडल्या, तेव्हा मेण लावलेला दोरा आणि मोचीची सुई घेऊन हातानेच शिवलं. माझ्या बोटांना पडलेले घट्टे बघून मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, घरी काय चाललंय. मी म्हटलं, घर बांधतोय.

भांडण झालं ते पाण्यावरून. मला पाण्याची टाकी हवी होती. चांगली मोठी, तोटी असलेली, मागच्या सीटच्या पाठीशी घट्ट बसवलेली. हे म्हणाले, दोन कॅन पुरतात, टाकीचं वजन कशाला. मी म्हटलं, मला कुणाला पाणी मागायचं नाही. टाकी बसली. निशातगंजच्या पुलावर पहिल्या वळणालाच टाकीतलं पाणी एका बाजूला धावलं आणि अख्खी जीप एका अंगाला कलली. मागे बसलेली मुलगी किंचाळली. मग टाकी काढून, तिच्यात आडव्या-उभ्या पट्ट्या वेल्ड करून, खण पाडून घेतले, म्हणजे पाणी एकदम धावणार नाही. त्या वजनाने मागचे पाटे बसले, म्हणून आणखी एक पाटा आला. पाटा आला म्हणून शॉकअब्सॉर्बर बदलावे लागले. हे कपाळाला हात लावायचे, पण टाकी काढू या असं पुन्हा म्हणाले नाहीत.

रंगाची वेळ आली. लष्कराचा हिरवा रंग ठेवायला परवानगी नसते, तो बदलल्याशिवाय नोंदणी होत नाही. हे म्हणाले, राखाडी देऊ, डोळ्यात भरणार नाही. मी म्हटलं, निळा. यांनी माझ्याकडे बघितलं. "पूरा लखनऊ जान जाएगा," असं मुद्दाम हिंदीत म्हणाले. मी म्हटलं, "जानने दो." रंगाच्या दुकानात मी स्वतः गेले आणि आमच्या नागपूरला जयंतीच्या मिरवणुकीत झेंडे असतात तसाच निळा शोधून आणला. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. समोरच्या बाईंनी गॅलरीतून विचारायचं सोडलं, आणि यांच्या ऑफिसमधला एक शिपाई, जो कधी बोलायचा नाही, तो येऊन बॉनेटवरून हात फिरवून गेला.

गाडी चालवायला मी छावणीत शिकले. रविवारी सकाळी तिकडचे रस्ते मोकळे असतात, झाडांची सावली असते, आणि मध्ये म्हशी येत नाहीत. जीपचं स्टिअरिंग डावीकडे होतं, त्यामुळे गंमत व्हायची. चौकातला पोलीस नेहमीच्या सवयीने उजवीकडे बसलेल्या यांनाच दम द्यायचा, "भाईसाहब, देखकर चलाइए." हे बिचारे रिकाम्या हातांनी मान डोलवायचे. मी पुढे बघत राहायचे.

ऐंशीनंतर काही वर्षांनी आम्ही विकास नगरला राहायला गेलो. तेव्हा ते नावालाच नगर होतं, आजूबाजूला नुसते मोकळे प्लॉट. तिथे जीपला मनसोक्त जागा मिळाली. आम्ही सुट्ट्यांमध्ये बाहेर पडायचो. कधी गोमतीच्या काठाने, कधी लांब तराईकडे. नदीकाठी तंबू ठोकायचा, आपल्या स्टोव्हवर आपली भाकरी, आपल्या टाकीचं पाणी. ऑफिसमधले लोक म्हणायचे, घर असताना जंगलात कशाला झोपता? त्यांना काय सांगणार? मी नदीकाठी जेवढी शांत झोपले तेवढी कुठल्याच बांधलेल्या छपराखाली झोपले नाही. कुणी दार उघडत नव्हतं म्हणून कुणी काही विचारतही नव्हतं.

पण खरं सांगायचं तर माझा प्रश्न तसाच होता. मुलगी मोठी होत होती आणि तिला कोणी विचारतच नव्हतं. तिला विचारलं तर ती काय सांगेल, हे मला माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं घाम गाळून जी गाडी बांधली ती लपून बसायची जागा तर झाली नाही ना, असं कधी कधी वाटायचं आणि माझा मलाच राग यायचा.

त्या वर्षी होळीच्या सुट्टीत आम्ही शारदा नदीच्या बाजूला गेलो. मुलगी तेव्हा आठवीत होती. नदीचा एक सोता, म्हणजे फाटा, ओलांडून पलीकडच्या वाळूवर मुक्काम करायचा बेत होता. पाणी जेमतेम मांडीएवढं. यांनी रीतसर सगळं केलं. फॅनचा पट्टा काढला, नाहीतर पंखा पाणी उडवतो आणि इंजिन बंद पडतं. पुढच्या जाळीवर ताडपत्री बांधली. फोर-व्हीलचा दांडा टाकून मी पहिल्या गिअरमध्ये गाडी पाण्यात घातली. पाणी आम्ही मजेत पार केलं आणि फसलो ते पलीकडच्या काठाशी, वरून कोरडा दिसणाऱ्या गाळात. मागची चाकं फिरली, फिरली, आणि आसापर्यंत खाली गेली.

जॅक लावला तर जॅकच गाळात उतरला. सामान उतरवलं. टाकीची तोटी मी माझ्या हाताने उघडली आणि सगळं पाणी सोडून दिलं, वजन कमी व्हावं म्हणून. गाडी हलली नाही. ऊन चढलं. तेवढ्यात काठावरून ट्रॅक्टरचा आवाज आला.

चालवणारा एक जण, आणि मडगार्डवर पांढरा कुर्ता घातलेले एक वयस्कर गृहस्थ. शेत त्यांचंच असावं. माणूस चांगला वाटला. आमच्याकडे बघून हसले, ड्रायव्हरला साखळी काढायला सांगितली, स्वतः उतरून काठापर्यंत आले. लखनौहून आलात का, कुठल्या खात्यात आहात, बिटिया कितवीत आहे, जीप तर छान बांधलीय, सगळी विचारपूस केली. ड्रायव्हर हुक घेऊन पाण्याकडे निघाला होता. आणि मग त्यांनी विचारलं, "वैसे आप लोग कौन हुए?"

मी स्टिअरिंगवर होते. हे जीपच्या मागे गुडघाभर गाळात. यांनी तोंड उघडलं. हे काय बोलणार होते ते मला आजही ठाऊक नाही आणि मी यांना कधी विचारलेलं नाही. कारण यांच्या आधी मुलगी बोलली. ती फावडं घेऊन पुढच्या चाकापाशी उभी होती.

"बौद्ध हैं."

"अच्छा, बौद्ध." ते जरा थांबले. "उससे पहले?"

"पहले लोग हमें अछूत कहते थे. पानी नहीं देते थे."

तिचा आवाज कापत होता, पण तिने मान खाली घातली नाही. ड्रायव्हर हुक हातात घेऊन जागच्या जागी थांबला. त्या गृहस्थांनी वाईट एक शब्द काढला नाही. त्यांनी सूर्याकडे बघितलं, मंडीत पोचायचंय, उशीर होतोय, मागून कोणीतरी येईलच, असं म्हणाले, आणि ड्रायव्हरला हाताने परत बोलावलं. साखळी गोळा झाली. ट्रॅक्टर गेला.

हे गाळातून पाय उपसत पुढे आले. मग मुलीला म्हणाले, "गाडी निघाल्यावर सांगितलं असतं तरी चाललं असतं, बेटा."

"तब तो कोई भी बोल देगा, पापा," ती म्हणाली.

मी गाडीतून उतरले. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते कोणाला दाखवायचे नव्हते, म्हणून मी तरातरा हूडाच्या दोऱ्या सोडायला लागले. हे म्हणाले, अगं, ते काय करते? मी म्हटलं, धरा तिकडून. मी हाताने शिवलेलं ते हूड आम्ही चार पदरी घडी घालून मागच्या चाकांखाली सारलं. त्याच्या पुढे काठावरचं झाऊचं झुडूप तोडून फांद्यांचा थर टाकला. चाकांपुढचा गाळ आम्ही तिघांनी उपसला. फावडं एकच होतं, म्हणून मी आणि मुलीने थाळ्यांनी उपसला. पहिल्यांदा गाडी हलली आणि परत खाली बसली. दुसऱ्यांदाही तेच. यांनी टायरमधली हवा कमी केली, मी क्लच अगदी सावकाश सोडला, बापलेकींनी मागून रेटा दिला, आणि जीप गुरगुरत वर आली. हूड उभं फाटलं होतं. मागे दोघंही डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखून एकमेकांकडे बघत हसत होते. मी इंजिन चालू ठेवून तशीच बसून राहिले. माझ्या पोरीने सांगितलं होतं. साखळी समोर दिसत असताना सांगितलं होतं.

टाकी रिकामी आणि हूड फाटलेलं, म्हणून मुक्कामाचा बेत सोडला. त्या काठावरून बाहेर पडायला एकच वाट होती आणि ती गावातून जायची. उन्हं कलली होती. गावात शिरताच एका मोठ्या घरासमोर तोच ट्रॅक्टर उभा दिसला. मंडीत गेलाच नव्हता. ओसरीवर खाटेवर ते गृहस्थ बसले होते, आजूबाजूला चार माणसं, चहा चाललेला. मी ठरवलं, धूळ उडवत जायचं. पाय ॲक्सिलेटरवर दाबलासुद्धा.

"थांब," हे म्हणाले.

"काहून?"

"थांब म्हटलं ना."

मी ब्रेक लावला. हे उतरले. अंगावरचा चिखल वाळून पांढरा पडला होता, पायात चप्पल नव्हती, ती गाळातच राहिली होती. तसेच ओसरीच्या पायरीपाशी जाऊन उभे राहिले. वर चढले नाहीत.

"गाड़ी निकल आई," हे म्हणाले. "आपने हमारा नाम नहीं पूछा था. वही बताने रुका हूँ."

आणि यांनी आपलं नाव सांगितलं. मग वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं, जिल्हा सांगितला, गाव सांगितलं, आणि आम्ही कोण, हेही सांगितलं. ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक शब्द सुटा. चहाचे ग्लास हातातच राहिले. ते गृहस्थ "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि खाटेखाली पायाने आपला जोडा शोधायला लागले.

हे वळले तेव्हा मुलगी मागच्या सीटवरून उठून पुढे माझ्या शेजारी, यांच्या जागेवर येऊन बसली होती. यांनी तिला उठवलं नाही. मागे जाऊन ओल्या सामानावर बसले आणि म्हणाले, "चला." मी गाडी गिअरमध्ये टाकली.